नऊ टक्के

ऑफिसच्या मशीनरूमच्या दारावर तिने तिसऱ्यांदा थाप मारली, तेव्हा ती थाप उरली नव्हती; चांगला गुद्दा झाला होता.

दार उघडलं. आधी गार हवेचा लोट आला आणि मागोमाग एक उंच, सडसडीत तरुण. बाहेर उकाड्याने जीव नकोसा झालेला आणि या माणसाच्या अंगात गळाबंद निळा स्वेटर!

"दार उघडून हवंय की तोडून?" त्याने विचारलं.

"काका कुठे आहेत?"

"काका निवृत्त झाले. गेल्याच आठवड्यात. आता मी आहे."

तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मशीनरूम सांभाळणाऱ्या काकांकडून हवं ते हक्काने मागून घ्यायची तिला सवय होती. या स्वेटरचं काय करायचं?

"मला एक जास्तीचं मशीन हवंय. आत्ता. दोन तासांसाठी."

"साहेबांची परवानगी?"

"साहेब नाही म्हणाले, म्हणून तर तुमच्याकडे आले."

तो हसला. आवाज न करता, नुसत्या डोळ्यांनी. आणि का कोण जाणे, तिचा चढलेला पारा जरासा उतरला.

ऑफिसात तिला सगळे 'हेका' म्हणायचे. एकदा एखादी गोष्ट मनाने घेतली की सोडायची नाही, हा स्वभाव. कामही त्याला साजेसंच. नवी यंत्रणा लोकांसाठी खुली होण्याआधी तिच्यावर हजारो खोटी माणसं सोडायची आणि ती तग धरते का ते पाहायचं. त्यासाठी जावा या संगणकभाषेत लिहिलेलं एक टूल होतं. या वेळची यंत्रणा होती एका मोठ्या इस्पितळाच्या रुग्णनोंदणीची. सोमवारी ती सुरू व्हायची होती. हेकाने तिच्यावर दोन हजार खोटे रुग्ण सोडले आणि यंत्रणेने हूं की चूं केलं नाही. प्रत्येकाला पाव सेकंदात उत्तर! तिचे विभागप्रमुख, म्हणजे साहेब, खूश. सगळेच खूश. फक्त हेकाच्या मनात पाल चुकचुकली.

"पण का?" स्वेटरने विचारलं.

"कारण रुग्ण सोडणारं माझं मशीन झोपलंय. प्रोसेसर नऊ टक्के! दोन हजार माणसांचं ओझं उचलणाऱ्याला घाम फुटायला नको? मला वाटतं, ओझं उचललंच जात नाहीये. साहेब म्हणतात, मशीन दमदार आहे म्हणून नऊ. सही कर आणि मोकळी हो."

"आणि तुम्ही सही करणार नाही."

"मुळीच नाही! त्या इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर माझी ताई बसते. मागची यंत्रणा बंद पडली त्या दिवशी लोकांनी दिवसभर तिच्या नावाने खडे फोडले. एक आजोबा रांगेत चार तास उभे होते... तिथेच कोसळले. आणि मी डोळे मिटून सही करू?"

तो क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. मग दारातून बाजूला झाला.

"या आत. पण गारठा आहे हं. आणि दुसरं मशीन कशाला, ते तेवढं सांगा."

"दोन्हीकडून एकदम रुग्ण सोडते. यंत्रणाच दमली असेल, तर दोन मशीन मिळूनही काम तेवढंच होईल. आणि दुप्पट झालं—"

"—तर यंत्रणेला अजून काही जाणवलेलंच नाही. अडलंय ते तुमच्या टूलमध्ये."

तिने चमकून वर पाहिलं. आजवर लोक तिचं वाक्य मध्येच तोडायचे. पुरं कोणी केलं नव्हतं.

काम दुप्पट झालं. सेकंदाला चाळीस नोंदी होत होत्या, त्या ऐंशी झाल्या. आणि दोन्ही मशीन नऊ-नऊ टक्क्यांवर आरामात!

"बघा!" ती जवळजवळ ओरडलीच. "मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंत," तो म्हणाला. "आणि ओठ निळे पडलेत तुमचे. चला बाहेर."

पुढचे दोन दिवस ती मशीनरूमच्या बाहेरच्या छोट्या टेबलाशीच मुक्काम ठोकून होती. शुक्रवारी दुपारी साहेबांना अहवाल हवा होता. जावाला मेमरी वाढवून दिली, नऊ टक्के. निकालाचे तक्ते आणि आलेख बंद केले, दहा. नेटवर्क तपासलं, पुन्हा नऊ. तो आपली कामं उरकून येई, खुर्ची ओढून शेजारी बसे. कधी स्क्रीनकडे पाही, कधी...

"स्क्रीन तिकडे आहे," एकदा ती म्हणाली.

"माहितीये. तिकडे नऊच आहेत, बदललेले नाहीत." मग जरा थांबून, "तुम्ही कायम अशाच भांडता?"

"मशीनशी की माणसांशी?"

"माझ्याशी."

"तुमच्याशी अजून सुरू कुठे केलंय?"

तो हसला, आणि तिने घाईघाईने की-बोर्डवर मान घातली. कान मात्र तापले होते.

गुरुवारी दुपारी त्यानेच सुचवलं. "टूल चालू असताना मध्येच आत डोकावूया. टूलमधला प्रत्येक खोटा रुग्ण म्हणजे एक थ्रेड, कामाचा एक स्वतंत्र धागा, ना? या क्षणी कोणता थ्रेड काय करतोय, याची यादीच काढू."

यादी आली. लांबच्या लांब. ती वाचत गेली तसा तिचा आवाज बारीक होत गेला. दोन हजारांतले जवळजवळ सगळे प्रोग्रॅममधल्या एकाच कुलपापाशी थांबले होते. एक जण आत, बाकीचे दाराबाहेर. आतला फाइल उघडायचा, रुग्ण क्रमांक लिहायचा, डिस्कने हो म्हणेपर्यंत थांबायचा, फाइल बंद करून बाहेर पडायचा. मग पुढचा. प्रोसेसरला कामच नव्हतं. सगळे नुसते ताटकळत उभे. आणि हे ताटकळणं नोंदीच्या आधीचं, म्हणून ते उत्तराच्या वेळेत मोजलंच जात नव्हतं. पाव सेकंद, पाव सेकंद... सगळं कसं छान छान!

"हा कुलपाचा तुकडा टूलबरोबर आलेला नाही," तो म्हणाला. "कोणीतरी नंतर घातलाय. एकाच क्रमांकाचे दोन रुग्ण होऊ नयेत म्हणून. कोणी लिहिला असेल?"

तिने स्क्रीन वर सरकवली. वरच्या ओळीत तारीख होती, आठ महिन्यांपूर्वीची. आणि तिच्या नावाची अक्षरं.

आठ महिने! त्या काळात सात यंत्रणांवर तिने सही केली होती. तावातावाने, छाती पुढे काढून.

"ऐका," तो हळूच म्हणाला. "दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. क्रमांक आधीच वाटून द्या, कुलूप काढा, झालं. आणि उद्या मी सांगतो की मशीनची डिस्क मंद होती, माझ्याकडून पाहायची राहिली. मी इथे नवीन माणूस येईपर्यंतच आहे. दोन आठवड्यांनी दुसऱ्या शहरात रुजू होतोय. माझ्यावर आलं तरी बिघडत नाही. तुमचं मात्र..."

"तू माझ्यावर पांघरूण घालणार?"

"तुमच्या भल्यासाठी—"

"माझं भलं मी तुझ्याकडे सोपवलंय?" ती खुर्ची मागे ढकलून उभी राहिली. "दोन दिवस शेजारी बसलास आणि एवढंही कळलं नाही तुला? साहेबांची चूक असती तर मी त्यांच्या तोंडावर सांगितली असती. माझी आहे म्हणून लपवू? मग कसला रे माझा हेका? नुसता तोरा!"

ती दम खायला थांबली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. मग फार सावकाश, जपून, "आणि... आत्ता तू मला 'तू' म्हणालीस."

"रागात म्हणाले."

"असू दे. तसंच राहू दे."

तिने नाक ओढलं, खुर्ची पुढे घेतली आणि कुलूप काढायला बसली.

शुक्रवारच्या बैठकीत साहेबांसह आठ माणसं होती. तिने बसून बोलायचं ठरवलं होतं, पण आपोआप उभी राहिली.

"चाचणी खोटी होती," तिने सुरुवातच अशी केली. "यंत्रणेवर भार गेलाच नाही. दोष टूलमध्ये मी लिहिलेल्या तुकड्यात होता. आठ महिन्यांपूर्वी लिहिला, तेव्हापासूनचे माझे सातही अहवाल पुन्हा तपासावे लागतील."

साहेबांनी चष्मा काढला.

"अगं, पण कोणाला कळलं असतं?"

"सोमवारी सकाळी सगळ्यांनाच कळलं असतं, साहेब. खिडकीसमोर. दाखवते."

तिने दुरुस्त केलेलं टूल चालू केलं. भिंतीवरच्या पडद्यावर आलेख हलला. नऊ, वीस, चाळीस, एकसष्ट... मशीन पहिल्यांदाच खरंखुरं राबत होतं. सहाशे रुग्णांवर यंत्रणा धापा टाकू लागली. नऊशेवर तिने मान टाकली. पडदाभर लाल ओळी.

मग साहेबांनी इस्पितळाला फोन लावायला सांगितलं; सोमवारचा मुहूर्त तीन आठवडे पुढे गेला. आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, "यापुढे तुझ्या अहवालावर दुसऱ्या कोणाची तरी सही लागेल."

झोंबलं. पण मान खाली गेली नाही. "चालेल," ती म्हणाली. "ती दुसरी सही, साहेब, नीट वाचून करणाऱ्याची ठेवा."

दाराशी उभा असलेला स्वेटर खाली बघून हसला.

पुढचे दोन आठवडे जुन्या सात यंत्रणा तपासण्यात गेले. दोन सापडल्या कच्च्या. रोज तो शेजारी होता, रोज ती भांडत होती, आणि तो जायच्या गोष्टीबद्दल दोघंही चकार शब्द काढत नव्हते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्याने मशीनरूमच्या किल्ल्या नव्या माणसाला दिल्या. जिन्यात तिला गाठलं.

"निघतो," तो म्हणाला. "स्वतःची काळजी घे."

"एवढंच?"

त्याने कठड्यावर बोट फिरवलं. "खूप काही होतं... पण तीन तासांचं अंतर. तुझी ताई इथे, तुझं काम इथे. उगाच तुला कशात अडकवायचं? म्हणून म्हटलं, न बोललेलंच—"

"पुन्हा तेच!" तिचा आवाज जिनाभर घुमला. वरच्या मजल्यावरून कोणीतरी वाकून पाहिलं. पाहू दे. "पुन्हा माझ्या वतीने ठरवलंस! मला काय झेपतं, काय नाही, हे मला विचारलंस एकदा तरी?"

"नाही," तो म्हणाला.

"मग आता मी सांगते, नीट ऐक. मला तू आवडतोस. तुझ्या भल्याचा वगैरे विचार करून मी गप्प बसणार नाही. आता तू बोल. माझ्या सोयीचं नको, तुझं खरं काय ते बोल."

जिन्याच्या खिडकीतून वारा आला, तिच्या कपाळावरचे केस उडाले. तो ते बाजूला सारायला हात उचलणार होता, पण हात अर्ध्यावरच थांबला.

"दारावर गुद्दे मारत होतीस ना," तो म्हणाला, "तेव्हा मी आत उभा राहून ऐकत होतो. पहिल्या थापेलाच उघडता आलं असतं. पण वाटलं, एवढं हक्काने कोण बडवतंय, जरा ऐकू तरी... तेव्हापासून. मला तू आवडतेस. फार आवडतेस. आणि मला जायचं नाहीये, पण जावं लागतंय."

"जा की मग. मी कुठे अडवलंय?" तिचे डोळे भरले होते, तरी हनुवटी वरच होती. "पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने येते. 'कशाला दगदग' म्हणालास, तर बघ."

तो तसं म्हणाला नाही.

शनिवारी गाडी वीस मिनिटं उशिरा पोचली. ती उतरली तेव्हा फलाटाच्या टोकाला तो उभा होता. स्वेटर नव्हता, पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा, आणि तोंडावर रात्रभर झोप न लागल्याच्या खुणा. घाईघाईने तो पुढे आला, तिच्या हातातली जड पिशवी घ्यायला हात लांबवला... आणि थबकला.

"घेऊ?" त्याने विचारलं.

तिने विचार केला. खरोखरीचा विचार केला; त्याला ताटकळत ठेवून.

"एक बंद घे," ती म्हणाली.

पिशवीचा एक बंद त्याच्या हातात, एक तिच्या. पावलं जुळेपर्यंत पिशवी दोघांच्या गुडघ्यांवर आपटत राहिली. आणि तशीच ती दोघं भर गर्दीतून, कोणालाही वाट न देता, बाहेर पडली.