तीन हाका, मग थांबायचं

तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे ज्यांच्यासोबत घडलं ते चंद्रशेखर वासनिक माझे सख्खे काका आहेत, आणि थाप मारणं त्यांना आयुष्यात कधी जमलेलं नाही.

जबलपूरजवळच्या खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत त्यांनी छत्तीस वर्षं नोकरी केली. घरी रोज बुद्धवंदना. भुताचं नाव काढलं की हसायचे.

आता हसत नाहीत.

गोष्ट दोन हजार तेवीसच्या जूनची. रविवारची पहाट, साडेपाचचा सुमार. जबलपूरहून तासाभरावर, बरगी धरणाच्या पाण्याकाठी एक रिसॉर्ट आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही.

रिटायर झाल्यापासून काकांना पक्ष्यांच्या फोटोंचं वेड लागलं होतं. हातभर लांब लेन्स, अंगात झाडीच्या रंगाचे कपडे, वरून तसलीच जाळी. विनताकाकू चिडवायच्या, "अहो, तुम्ही तर झाडच दिसून राहिले. एखाद्या दिवशी कोणी पाणी घालून जाईल."

लग्नाच्या वाढदिवसाला काकूंना रिसॉर्टवर नेलं खरं, पण काकांच्या डोक्यात नवरंग होता. अंगावर रंगच रंग असलेला हा मूठभर पक्षी उन्हाळ्यात इकडे घरटं करायला येतो. फार लाजरा. शीळ ऐकू येते, पक्षी दिसत नाही.

त्याला बाहेर काढायची एक युक्ती असते. त्याच्याच शिळेचं रेकॉर्डिंग छोट्या स्पीकरवर वाजवायचं. तीनदा वाजवायचं, मग थांबायचं. पुन्हा तीनदा. दुसरा कोणी आला असं समजून तो बिचारा पुढे येतो.

घरट्याच्या दिवसांत हे करू नये. काका स्वतःच नव्या पोरांना हे बजावायचे.

आणि त्या दिवशी स्वतःच केलं.

रिसॉर्टच्या मागे एक कोरडा नाला आहे. बांबू आणि करवंदाच्या जाळ्यांमधून तो खाली धरणापर्यंत उतरतो. काका जाळी पांघरून एका दगडाआड बसले. वीस पावलं खाली झुडपात स्पीकर ठेवला. मोबाईल काकूंच्या हातात. रेकॉर्डिंग काकांनीच खमरियाच्या क्वार्टरमागे केलेलं होतं. शिळेच्या शेवटी फॅक्टरीचा भोंगा अगदी बारीक ऐकू यायचा.

काकूंनी बटण दाबलं. तीनदा.

उत्तर नाही.

पुन्हा तीनदा.

आणि मग... आजूबाजूचे सगळे पक्षी गप्प झाले. किरकिरणारे किडेसुद्धा. पान हलत नव्हतं.

मग खालून, धरणाच्या बाजूने, शीळ आली.

काकांनी कॅमेरा उचलला.

शीळ. शीळ. शीळ. मग थांबली. पुन्हा तीनदा. आणि तिसऱ्या शिळेच्या शेवटी...

बारीकसा भोंगा वाजला.

काका वळून कुजबुजले, "विनता, बंद कर ते."

"बंदच आहे," काकू म्हणाल्या. "मी तर हातच नाही लावला."

मोबाईलवर खरंच काही चालू नव्हतं. स्पीकर बिघडला असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. काकू म्हणाल्या, "मी घेऊन येते, बसा तुम्ही," आणि त्या खाली उतरल्या.

त्या स्पीकरपाशी पोचल्या तोच खालचा बांबू हलला. काकांना राहवलं नाही. ते ओरडले, "विनता, राहू दे. इकडे ये!"

काकू मागे वळल्या.

आणि खालून, बांबूतून, काकांच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं...

"विनता, राहू दे. इकडे ये!"

तीनदा. तोच घोगरेपणा, तीच धाप, प्रत्येक वेळी अगदी तशीच.

काकू थबकल्या. त्यांनी वर पाहिलं. वर काका होते, पण झाडीच्या रंगात, जाळीखाली, दगडाआड. काकूंना नुसती झाडी दिसत होती.

त्या खाली वळल्या.

"तिकडे नको! मी इथे आहे!"

"तिकडे नको! मी इथे आहे!" खालून लगेच आलं. आता जास्त स्पष्ट.

काका उठले तशी जाळी काट्यांत अडकली आणि ते तोंडावर आपटले. पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आलं की आपण मारलेली प्रत्येक हाक त्या खालच्या आवाजाच्याच कामी येते आहे. ते पक्ष्यासोबत जे करत होते, तेच कोणीतरी काकूंसोबत करत होतं.

त्यांनी तोंडावर हात दाबला.

पण ते गप्प झाले, तरी खालचा आवाज थांबला नाही. आता काकूंना एकच हाक ऐकू येत होती, आणि ती काकांची नव्हती.

"आले, आले," म्हणत काकू बांबूत शिरल्या.

काका रक्ताळल्या गुडघ्यांनी खाली पोचले, तेव्हा समोर उघडा पडलेला धरणाचा तळ होता. जूनमध्ये पाणी उतरलं की बुडालेल्या गावाची जोती वर येतात. ओल्या गाळात काकूंच्या चपलांचे ठसे होते. ते एका दगडी उंबऱ्यापर्यंत जात होते.

उंबऱ्याच्या पुढे एकही ठसा नव्हता.

काकांना घेऊन नावेतून शोधणाऱ्या सुखलाल बर्मनला सकाळी साडेआठला काकू सापडल्या. भर पाण्यातल्या एका टेकाडावर शांत बसल्या होत्या. तिथे नावेशिवाय पोचता येत नाही. कपडे कोरडे होते.

"तुम्हीच तर हात धरून आणलं नं मला," त्या काकांना म्हणाल्या. "आता काहून रडून राहिले?"

सुखलाल मान खाली घालून वल्हवत होता. काठ जवळ आल्यावर त्याने हळूच विचारलं, "साहब, आपने उधर नाम लेकर बुलाया था क्या?"

काकांनी होकारार्थी मान हलवली.

"पानी उतरता है तो हम लोग उधर आवाज़ नहीं देते. हाथ से इशारा करते हैं." त्याने वल्हं आत घेतलं. "आपको कोई बता देता तो अच्छा था."

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. काहीही निघालं नाही. जबलपूरला विजय नगरच्या घरी काकू स्वयंपाक करतात, मालिका बघतात, माझ्या लेकीला लाडू देतात. दिवसभर सगळं ठीक असतं.

पहाटे साडेपाचला मात्र त्या अंथरुणात उठून बसतात. "आले," म्हणतात, आणि दाराकडे निघतात. काका त्यांना हाक मारत नाहीत. एकदा मारली होती, तर त्या जास्तच घाईने दाराकडे गेल्या. आता ते नुसतं मनगट घट्ट धरून ठेवतात.

मागच्या महिन्यात मी तिथे मुक्कामाला होतो, तेव्हा हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काकूंनी काकांकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं, पण अगदी सभ्यपणे.

"भाऊ, हात सोडा माझा," त्या म्हणाल्या. "आमचे हे केव्हाचे बोलावून राहिले."

काकांनी हात सोडला नाही. पण ते आता चौसष्ट वर्षांचे आहेत, आणि कधीतरी त्यांचाही डोळा लागेलच.