दोन बोटांची जागा

दोन बोटं.

डिकीतला दिवा, जो लागला नाही.

तळहातात मावेल एवढा पंखा.

"फिटिंग दादाचीच होती हो. मी तर त्या दिवशी दुकानातसुद्धा नव्हतो."

करपलेला गालिचा.

यातलं काहीही मी मनाने जुळवलेलं नाही. माझी मावशी हयात आहे, दुकान चालू आहे. ज्याला शंका असेल त्याने तिला समोर बसून विचारावं. ती सगळं सांगेल. शांतपणे सांगणार नाही, एवढंच.

शनिवार होता. भर दुपार. शटर पूर्ण वर, रस्त्यावर वर्दळ. भुताखेताची वेळच नव्हती ती.

दुकान गाड्यांना साउंड सिस्टीम बसवण्याचं. मावशीचा नवरा, म्हणजे माझे काका, आणि तिचा धाकटा दीर, दोघांनी मिळून उभं केलेलं. काका जाऊन वर्ष होत आलं होतं.

काकांचा एक हट्ट होता. अँप्लिफायर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारी ती धातूची पेटी, वाजताना तापते. तिच्या अंगावर पट्ट्या असतात. काका पेटी डिकीच्या बाजूला उभीच लावायचे, पट्ट्या वर-खाली, म्हणजे गरम हवा सरळ वर निघून जाते. मागे दोन बोटं जातील एवढी जागा. बोटं गेली नाहीत तर सगळं उघडून पुन्हा. आणि स्क्रूंच्या डोक्यांवरच्या खाचा सगळ्या उभ्या, एका रेषेत. ती त्यांची सही.

गिऱ्हाइकाला मात्र डिकी मोकळी हवी असायची. दीर लगेच मान डोलवायचा. मागच्या काचेखालच्या फळीखाली पेटी पालथी टांगायची, वरून गालिचा चिकटवायचा. दिसायला झकास.

"अरे, तिला रजईत गुंडाळून उन्हात झोपवतोस," काका म्हणायचे, "आणि वर गा म्हणतोस?"

अशाच एका गाडीत धूर झाला. काका वायर कापायला डिकीत शिरले. वायर कापली. पण धूर छातीत गेला, तो निघालाच नाही.

घरातलं रडणं थांबलं नव्हतं, तोवर दिराने बाजारभर सांगून टाकलं, फिटिंग दादाची होती. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

लोकांनी मानलं. "चुकलं बिचाऱ्याचं," म्हणाले.

त्या 'बिचाऱ्या'ने मावशीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग दिराने नवी गाडी घेतली. दुकानातच लावली, स्वतःच पेटी बसवली. पालथी, फळीखाली. सकाळी डिकी उघडली तर...

पेटी बाजूला उभी. मागे दोन बोटं जागा.

स्क्रूंच्या खाचा सगळ्या एका रेषेत.

"वहिनी, हे उद्योग बंद करा."

"तुमच्या गाडीला हात लावायची मला किळस येते, भाऊजी."

त्याने पुन्हा पालथी टांगली. सकाळी पुन्हा उभी. दीर चिडला, मावशी घाबरली नाही. तिच्या मनात एकच आलं. ज्याचं नाव खराब केलंत, तो आलाय.

शनिवारी तिने ठरवलं. कबूल केल्याशिवाय आज हा माणूस या गाडीतून जाणार नाही.

दुपारी दीर आला. डिकी उघडली. आतला दिवा लागला नाही.

"नव्या गाडीचा बल्ब गेला. लुटतात साले."

उभी पेटी सोडवून, पुन्हा पालथी टांगायला तो डिकीत उताणा शिरला. डाव्या हाताने पेटी फळीला दाबून धरली, भोक चाचपायला दोन बोटं मागे सारली. उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर. मावशी काउंटरवर वायर सोलत होती.

आणि...

भर्रर्र.

पेटी गार ठेवणारा आतला छोटा पंखा.

"वहिनी, चावी कोणी फिरवली?"

"चावी तुमच्याच खिशात आहे."

रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येईनात. एकही नाही. फक्त तो पंखा.

मग वास आला... करपलेल्या गालिच्याचा.

गालिचा तर त्या गाडीत अजून घातलाच नव्हता.

स्क्रू ड्रायव्हर डिकीतून घरंगळत मावशीच्या पायाशी आला. आणि तरीही...

कर्र.

स्क्रू आवळला जात होता.

"बोटं! वहिनी, बोटं अडकली. पेटी तापतेय. बॅटरीची वायर काढा आधी."

मावशी जागची हलली नाही.

"फिटिंग कोणाची होती?"

"आत्ता हे काय काढलंत—"

कर्र.

ओरडणं ऐकून शेजारचा पेंटर निळ्या हातांनी धावत आला. त्याने स्क्रू उलटा फिरवायला जोर लावला. तसूभर हलेना.

"फिटिंग कोणाची होती?"

"माझी," दीर रडत होता. "माझी होती. दादा नको म्हणत होता. मीच झाकली."

पंखा थांबला.

हॉर्न परत ऐकू आले. पेटी सुटून पेंटरच्या हातात पडली. दिराची दोन बोटं पार भाजून निघाली होती, आणि पेटी...

थंडगार होती.

दीर त्यानंतर दुकानाची पायरी चढला नाही. बोटं अजून वाकत नाहीत. पेंटरने गावभर केलं, काकांच्या नावावरचा डाग गेला. मावशीला आता निवांत झोप लागायला हवी.

लागत नाही.

"वर्षभर लोकांनी 'बिचारा' म्हणून घेतलं," ती अजून फणकारते. "त्याचं काय?"

आणि दुसरं एक आहे. पेंटर शपथेवर सांगतो, "वहिनी, दुसऱ्यांदा विचारलं ते तुम्ही नाही. तुमचे ओठ मिटलेले होते. आवाज डिकीतून आला."

मावशीला तर तिनेच विचारल्याचं आठवतं. दोन्ही वेळा.

त्या शनिवारी सकाळी दुकान उघडल्याबरोबर मावशीने दिराच्या गाडीची बॅटरी काढून काउंटरखाली ठेवली होती.