जुन्या कॅसेटची गादी

मुलांनो, तुमच्या हातात एक कॅसेट आहे असं समजा.

खिशात मावेल एवढी चपटी प्लास्टिकची डबी. आत दोन चाकं. एका चाकावरून दुसऱ्यावर जाणारी तपकिरी फीत. या फितीवर आवाज राहतो. माणूस निघून गेला तरी राहतो.

आता ती डबी नाकाजवळ न्या.

काही वास येतोय?

नाही ना? मग तुम्ही नशीबवान. भिंगरीला आला होता...

ही गोष्ट मी रचलेली नाही. भिंगरीच्या मामाने मला ती सांगितली, आणि तो थापा मारणारा माणूस नाही. थापा मारायला डोकं लागतं, असं त्याची बायकोच म्हणते. नंतर भिंगरीने सांगितली. दोघांच्या सांगण्यात तसूभर फरक नव्हता.

गुरुवार होता. दुपारचे साडेतीन. बाहेर लख्ख ऊन. मामाच्या दुकानाचं दार सताड उघडं.

भुतं अंधारात येतात म्हणे. येत असतील. हे जे आलं, त्याला अंधाराची गरज नव्हती.

भिंगरी तेव्हा नऊ वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. शाळा सुटली की ती मामाच्या दुकानात येई आणि आई कामावरून परतेपर्यंत तिथेच असे. मामा टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. मधली दहा-बारा वर्षं त्याच्याकडे चिटपाखरू फिरकलं नव्हतं. पंखे आणि मिक्सर दुरुस्त करून त्याने दिवस काढले. आणि अचानक तरुण मुलांना कॅसेटचं वेड लागलं.

त्यातला एक गाणारा होता, लांब वेणी घालणारा. त्याने आपल्या गाण्यांच्या दोनशे कॅसेट करायला दिल्या होत्या.

"मामा, थोडी खरखर राहू द्या हं," तो म्हणाला. "तिच्यातच खरी मजा."

"ऐक, भिंगरे," तो गेल्यावर मामा म्हणाला. "ही खरखर काढता काढता माझे केस गेले. आणि हे केसवाले म्हणतात, ती राहू द्या."

दुकानाच्या कोपऱ्यात, स्टुलावर, आजोबा बसलेले असत. मामाचे आणि भिंगरीच्या आईचे वडील.

आजोबांना आवाज नव्हता. भिंगरी दोन वर्षांची असताना त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून गळ्याच्या खाली एक छिद्र होतं, बोटाच्या पेराएवढं. श्वास तिथून. खोकलाही तिथून. छिद्राच्या कडेला सतत ओल असे. आजोबा एक पांढरं फडकं घेऊन ती टिपत राहत. बोलायचं झालं तर मांडीवरच्या पाटीवर लिहीत.

खरं सांगतो, भिंगरीला त्यांची किळस यायची.

त्या ओल्या आवाजाने तिच्या अंगावर काटा येई. जेवताना ती त्यांच्याकडे पाठ करून बसे. आजोबांनी कधी तक्रार केली नाही. फक्त एक दिवस त्यांनी आपलं स्टूल स्वतःच उचलून कोपऱ्यात नेलं.

त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी आजोबांनी ट्रंकेतून एक कॅसेट काढून तिच्या हातात दिली. पाटीवर लिहिलं,

'यात मी आहे. आधीचा. हा ऐक.'

भिंगरीची आई पाच वर्षांची असताना आजोबांनी तिला अंघोळ न करणाऱ्या बेडकाची गोष्ट सांगितली होती. ती त्या कॅसेटवर होती. आजोबांचा आवाज साऱ्या जगात तेवढाच उरला होता.

कॅसेटची डबी वाकली होती. फितीवर बुरशी. मामाने फीत बाहेर काढून कोरड्या कापसाने पुसली, आणि भंगारातून आणलेल्या पोत्यातली एक बरी डबी घेऊन तिच्यात बसवली. हे काम त्याने हजार वेळा केलं होतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. कॅसेटच्या डबीत, मधोमध, एक पितळी पट्टी असते. तिच्यावर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, छोटासा तुकडा. मामा त्याला गादी म्हणतो. कॅसेट वाजू लागली की ही गादी फितीला मागून दाबून धरते. वर्षानुवर्षं त्याच आवाजाला घासत राहते.

मामाचा नेम होता. दुसऱ्याची डबी वापरायची, तर गादी नवी लावायची.

त्या दिवशी दोनशे कॅसेटींची घाई होती. गादी चांगली दिसत होती.

त्याने ती राहू दिली.

गुरुवारी साडेतीनला मामाने बटण दाबलं.

आधी खरखर... मग एक स्वच्छ, भारदस्त, हसरा आवाज.

"एका डबक्यात एक बेडूक होता. त्याला वाटायचं, आपण पाण्यातच राहतो, मग अंघोळ कशाला?"

मागे एक लहान मुलगी खुदकन हसली. भिंगरीची आई.

भिंगरी चक्क एका जागी बसली होती. कोपऱ्यात आजोबांचे डोळे भरून आले होते.

"तर एक दिवस बेडकाकडे पाहुणे आले..."

चप्.

"मामा, तू काही खातोयस?"

"तुझ्या मामीने मला पथ्यावर टाकलंय. मी काय खाणार?"

चप्... चप्...

आवाज कॅसेटमधून येत होता. कोणीतरी तोंड मिटत, उघडत होतं. थुंकी गोळा करत होतं. अगदी माईकला ओठ लावून.

"बुरशी राहिली असेल," मामा म्हणाला. त्याने चार मिनिटांनी कॅसेट थांबवली, मागे घेतली, पुन्हा लावली.

खरखर...

"एका डबक्यात एक..."

गिळल्याचा आवाज आला. घशातून घट्ट काहीतरी खाली उतरावं तसा.

"...पाण्यातच राहतो, मग..."

पुन्हा गिळल्याचा आवाज.

बेडूक गेला होता. अंघोळही गेली होती. शब्द जिथे होते, तिथे आता फक्त ओलसर शांतता होती. आणि लहानपणीच्या आईचं हसू... तेही अर्धं झालं होतं.

"बंद कर," भिंगरी म्हणाली. "मामा, तो आजोबांना संपवतोय."

"कोण तो? अगं, फीत जुनी आहे." पण मामाचा हात बटणाजवळ घुटमळत होता. "एकदा, शेवटचं. कुठे बिघडलंय ते कळायला नको?"

त्याने तिसऱ्यांदा लावली.

या वेळी आजोबा नव्हतेच.

खरखर... मग जड, शेंबडा श्वास. आणि भरलेल्या तोंडाने, लाळेतून घरंगळत आलेला कोणा परक्या म्हाताऱ्याचा आवाज.

"एका... डबक्यात..."

मग तो हसला. अगदी आईसारखं, खुदकन.

भिंगरीने झेप घेऊन बटण दाबलं. खण उघडला. आणि तेव्हा तो वास आला... कित्येक दिवस न धुतलेल्या तोंडाचा. आंबट, गोड, कुजका. मामाने कॅसेट बाहेर ओढली, तर कॅसेट आणि यंत्र यांच्यात एक चिकट तार लोंबली. ताणली गेली. तुटली. मामाच्या मनगटावर पडली.

ती कोमट होती.

मामाने स्क्रू काढले. झाकण उचललं.

गादी नमद्याची राहिली नव्हती. ओली होती. गुलाबी होती. वर बारीक बारीक दाणे. जिभेच्या टोकासारखी.

मामाने चिमटा जवळ नेला.

ती आत ओढली गेली...

"हे पोतं कुठून आणलंस?" भिंगरीने विचारलं.

"भंगारवाल्याकडून. एका खोलीतला माल होता. म्हातारा एकटाच राहायचा. तीन आठवड्यांनी दार फोडलं, तेव्हा सापडला. उशाशी टेपरेकॉर्डर. तोंड उघडं..." त्याने मनगट पँटला पुसलं. "भंगारवाला सांगत होता. मी म्हटलं, मला डब्यांशी मतलब."

त्याने चिमट्याने ती गादी उपटली, पत्र्याच्या डब्यात टाकली, वर स्पिरिट ओतलं आणि काडी लावली. ती बराच वेळ चरचरत होती. तो वास त्या दुकानात कितीतरी दिवस राहिला. मामा अजूनही गादी बदलल्याशिवाय कुठली जुनी कॅसेट वाजवत नाही.

पण फीत शिल्लक होती.

गादी दाबते ती फक्त वाजताना. आणि वाजवली होती ती पहिली चार मिनिटं. पुढची गोष्ट तिने चाखलेलीच नव्हती.

मामाने कोरी डबी फोडली. कोरी गादी. फीत हाताने पुढे गुंडाळली. बटण दाबायला मात्र तो धजत नव्हता.

ते भिंगरीने दाबलं.

खरखर...

"...तेव्हा पाहुणे नाक धरून म्हणाले, बेडूकराव, आम्ही दारातूनच बोलतो."

स्वच्छ आवाज. हसरा. मागे लहान मुलगी पोट धरून हसत होती. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट. चप् नाही, काही नाही.

भिंगरीने आनंदाने कोपऱ्याकडे पाहिलं.

आजोबांचे ओठ हलत होते. कॅसेटमधल्या एकेका शब्दाबरोबर. त्यांना गोष्ट अजून पाठ होती. आवाज अर्थातच निघत नव्हता.

पण...

चप्.

भिंगरीने यंत्राकडे पाहिलं. यंत्र नीट चाललं होतं.

चप्... चप्...

आवाज कोपऱ्यातून येत होता. गळ्याच्या त्या छिद्रातून.

तो रोजचाच आवाज असेल. ओलीचा, श्वासाचा. सात वर्षं घरात तो होताच. की जाळलेलं काहीतरी जाता जाता एक उघडं तोंड शोधून तिथे शिरलं होतं? सांगता येत नव्हतं. दोन्ही आवाज सारखेच होते.

तिच्या चेहऱ्यावरची किळस आजोबांनी पाहिली. त्यांनी घाईने फडकं गळ्यावर धरलं आणि मान भिंतीकडे वळवली.

तिला काय ऐकू आलं ते भिंगरीने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी एकदा विचारलं होतं. ती माझ्याकडे इतकी टक लावून बघत राहिली, की मी पुन्हा विचारलं नाही. तिने काय केलं, ते मात्र मामाने पाहिलं.

ती उठली. कोपऱ्यात गेली. नाक न धरता आजोबांच्या हातातलं ओलं फडकं काढून घेतलं.

आणि त्या छिद्राला आपला कान लावला.