दारातून ये

पाऊलमापक डॉ. सुनेत्रा ढोकेने स्वतः घडवला होता, आणि आज त्याच यंत्राने तिला वडिलांचा प्लॉट मोजायचा होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कोणाकडे?

अमरावतीबाहेरचे रिकामे प्लॉट सक्तीने घेऊन, एकत्र जोडून सरकार तिथे घरे उभारणार होते. दहा वर्षे न वापरलेली जमीन ती पडीक, आणि तेवढीच घ्यायची, असा कायदा. भूसंपादन अधिकारी तायडेने गाडीत विचारले, "पण वापर ओळखतं कसं हे?"

"पावलाखाली मातीचे कण दबतात, वळतात. ही मृदास्मृती दहा वर्षं टिकते. विटा-सिमेंट यंत्राला कळत नाही. त्याला फक्त माणसांचं येणंजाणं कळतं."

गुणवंतराव ढोके, एसटीतून निवृत्त झालेले, प्लॉटवर खुर्ची टाकून बसले होते. कित्येक वर्षांपूर्वी इथे घराचे भूमिपूजन झाले होते, चुन्याच्या फक्कीने खोल्या आखल्या होत्या, आणि बायकोच्या आजारपणात बांधकाम राहिले ते राहिलेच. ती गेली, तरी म्हातारा दर रविवारी डबा घेऊन यायचा. सुनेत्रा मात्र तिकडे फिरकली नव्हती. प्लॉट गेला तर बाबा खचतील, याची तिला धास्ती होती.

तिने रस्त्यावरूनच यंत्र लावले. पडद्यावर तांबड्या रेषा उमटल्या आणि तायडे बघतच राहिला. फक्की केव्हाच पावसात धुऊन गेली होती, तरी पावले आखलेल्या दारातूनच आत आली होती. एकही भिंत ओलांडलेली नव्हती. ओसरी, स्वयंपाकघर, देवघर, सगळे लख्ख दिसत होते. यंत्राचा निकाल आला: राहते घर.

सुनेत्राचा जीव भांड्यात पडला. मग तिला मागचा कोपरा दिसला. दहा बाय दहाचा चौकोन, आत एकही पाऊल नाही. यंत्राने तो पडीक ठरवला होता. म्हणजे तेवढा तुकडा शेजारच्या प्लॉटला जोडला जाणार.

"बाबा, तिथे पाय का नाही ठेवलात कधी?"

"तुझी खोली आहे ती. तू नसताना आत कसा जाऊ?"

सुनेत्राला भडभडून आले. वापर सुरू करायला मालकाला वर्षाची मुदत देता येते, पण एका दिवसाच्या पावलांनी भागत नाही, असे तायडे हळूच म्हणाला.

"मी दर रविवारी येईन," सुनेत्रा म्हणाली आणि तडक त्या कोपऱ्याकडे निघाली.

"तिकडे भिंत आहे," गुणवंतराव म्हणाले. "दारातून ये."

ती मागे फिरली, अंगणात चपला काढल्या आणि दारातून आत गेली.