वरवंट्याचं बारसं

"शी! हे थुंकीने चिकटवलंय का काय?" असं म्हणत जीनतने हातातला ड्रोन जवळजवळ फेकलाच.

दिपमालाने तो घाईने झेलला. तिच्याही बोटांना लाल, चिकट काहीतरी लागलं. ललितकाका गुटख्याने भरलेल्या तोंडानेच चिकटपट्टी तोडतो, हे तिने सकाळीच खिडकीतून पाहिलं होतं.

दिवाळीची सुट्टी चालू होती. धरणगावजवळच्या त्यांच्या मळ्यात उद्या दिपमालाच्या तान्ह्या बहिणीचं बारसं होतं, आणि जळगावला लग्नांचं शूटिंग करणारा ललितकाका खास त्यासाठी आला होता. आल्यापासून तो कापसाच्या खोलीत कडी लावून बसायचा. आतून जळकट वास यायचा. मागच्या शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचे शेंडेही कुणी विळ्याने उडवल्यासारखे दिसत होते. मोठी माणसं रानडुकरांना शिव्या देऊन मोकळी झाली होती. पण शेजारच्या मळ्यातल्या जीनतचा धाकटा भाऊ झैद म्हणाला, डुक्कर शेंडे कापून तिथेच कशाला टाकेल? म्हणूनच काका चहाला गेल्याबरोबर तिघं खोलीत शिरली होती.

ड्रोन छोटासाच होता. त्याचा मूळचा बोटभर कॅमेरा काकाने उपटून टाकला होता आणि तिथे लग्नातला भलामोठा कॅमेरा सायकलच्या ट्यूबने आवळला होता. वजन कमी करायला म्हणून पंख्यांभोवतीच्या संरक्षक कड्याही काढल्या होत्या. आणि मागच्या बाजूला लोंबत होती एक थैली. झैदने हात घातला तर आत हरभरे!

"घुगऱ्यांचे," दिपमाला म्हणाली. बारशाला वाटायच्या घुगऱ्यांच्या पोत्यातून काकाने ते उचलले होते.

संध्याकाळी तिघं पऱ्हाट्यांत दडून बसली. काकाने ड्रोन उडवला. हरभऱ्यांमुळे तो पुढे झुकला नाही खरा, पण पंखे किंचाळायला लागले आणि तोच जळकट वास सुटला. तो जेमतेम वर गेला, डळमळला आणि शेंडे छाटत धप्पकन खाली आला. काका बॅटरीच्या नावाने खडे फोडत, पिचकारी टाकून निघून गेला.

"कावड केलीय त्याने," जीनत कुजबुजली. "पण कावडीला खाली खांदा असतो. इथे दोन्हीकडचं ओझं त्या पंख्यांनीच उचलायचं."

आणि उद्या हे धूड पाळण्यावर येऊन फुलं टाकणार होतं. दिपमालाच्या डोळ्यांपुढे बहिणीची मऊ टाळू आली. ती धावत बाबांकडे, लोटनभाऊंकडे, गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि ते हसले. "अगं, काका रोज हेच करतो. तू मेंदी लाव जा." काकाने तर तिच्या डोक्यावर टपली मारली, त्याच लाल बोटांनी. दिपमालाने रात्री केस दोनदा धुतले. रागापेक्षा तिला किळस जास्त आली होती.

सकाळी मांडवाबाहेर अंगणात पाळणा सजला. काकाने ऑर्डर सोडली की बाळाला थेट पाळण्यात ठेवा, ते दगडाचं नाटक व्हिडिओत नको. दिपमालाला हीच भीती होती: वरवंटा नसेल तर ड्रोनखाली बाळच असणार. तिने आजीच्या, ताईबाई अक्कांच्या, कानात सांगितलं, काका वरवंटा ठेवू देत नाहीये.

अक्का उठल्याच. "आपला घरमा पहिले वरवंटा पाळणामा जास, मंग पोर. तुले कोनी सांगं रे शायनपणा करानं?"

मग आधी वरवंट्यावरच फुलं टाकून बघतो म्हणत काका ड्रोन मांडायला लागला. अक्कांनी वरवंट्याला बाळाचं टोपडं घातलं, काजळ लावलं आणि पाळण्यात निजवलं. इकडे जीनत आणि झैद बायकांमधून फिरत होती. "मागे सरका, तुमची डोकी शूटिंगमध्ये येतात असं काका म्हणतोय." शूटिंगचं नाव काढताच अंगण पाळण्याभोवती रिकामं झालं. काकाला वाटलं, पोरं आपली कामं करतायत.

ड्रोन किंचाळत वर आला. दोन फुलं पडली असतील नसतील, तो डगमगला. थैली सुटली, हरभरे सांडले, आणि कॅमेऱ्यासकट सगळं धूड सरळ पाळण्यात कोसळलं.

दूर ओट्यावर आईने बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं. अक्कांनी वरवंटा उचलला. दगडाला काहीच झालं नव्हतं, पण टोपड्याच्या चिंध्या झाल्या होत्या.

"माझा कॅमेरा गेला!" काका म्हणाला.

लोटनभाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तोंडातला गुटखा त्याला गिळावा लागला. मग ते त्या तिघांसमोर येऊन उभे राहिले. "काल हसलो मी. चुकलो, पोरांनो."

अक्कांनी तिघांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. खरं तर बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण आत्यानेच दिपमालाचा हात धरून तिला पुढे ओढलं.

"थांबा," दिपमाला म्हणाली. पाळण्यातून ड्रोन तिनेच बाहेर काढला होता, बोटांना अजून ते लाल, चिकट लागलेलं होतं. ती विहिरीकडच्या नळावर गेली, साबणाने हात खसाखसा धुतले, हुंगून पाहिले, पुन्हा धुतले. मग येऊन तिने बहिणीला हातात घेतलं.