काविळीची माळ

आमच्या मंद्रूपात कुणाचे डोळे पिवळे झाले की आधी माळ येते, मग डॉक्टर. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेली ही माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवतात. ती वाढत वाढत गळ्यात येते, मग पोटावर. पायांतून निघाली की कावीळ उतरली म्हणायचं आणि माळ वाहत्या पाण्यात सोडायची. मी सोलापुरात लॅबमध्ये रक्त तपासते. काड्या सुकतात, दोरा सैल पडतो, माळ वाढते. जादू कसली डोंबलाची!

पण माझ्या धाकट्या भावाचे, सिद्धरामचे, डोळे पिवळे झाले तेव्हा आईनं माळच आणली.

"अगं, डोळे पिवळे व्हायला शंभर कारणं असतात," मी ओरडले. "लिव्हरला सूज, पित्ताचा खडा, एखादी गाठसुद्धा. सोनोग्राफी करू दे."

"जल्मला तवाबी पिवळाच हुता की," आई म्हणाली. "सकाळच्या कवळ्या उन्हात मांडीवर घिऊन बसायची मी. झाला न्हवं बरा?"

"बाळांची कावीळ वेगळी असते, आई!"

"ऱ्हाऊ दे गं आक्का," सिद्धराम हसला. "माळ खाली सरकायलीय."

माळ पोटावर आली तेव्हा आईनं पेढे वाटले. त्याच आठवड्यात तो अंगणात कोसळला. सोलापूरला आणला, तर पित्ताच्या नळीत गाठ, आणि ती लिव्हरमध्ये पसरलेली. माळ पायांतून निघाली त्याच दिवशी माझा भाऊ गेला. एवढा हसरा पोरगा, हो!

आईनं माळ पाण्यात सोडली नाही. देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला अडकवली.

महिन्यानं गेले, तर माळ आखडून गळ्याएवढी झालेली. दमट हवा असेल, म्हटलं. हात लावला. काड्या ओल्या होत्या, हिरव्यागार.

"नवी आणलीस का?"

"कुणासाटी आणू? माणूस हाय का घरात?"

पुढच्या खेपेला ती शाळकरी पोराच्या डोक्याएवढी होती. आईनं ट्रंकेतून सिद्धरामची तान्हेपणीची कुंची काढून धुतली होती. कशासाठी, ते विचारायची भीती वाटली.

काल सकाळी पोचले. आई अंगणात कोवळ्या उन्हात पाय लांब करून बसली होती. मांडीवर कुंची. कुंचीवर माळ, नारळावर बसेल एवढी.

"दिपे, तू तपासतीस न्हवं?" ती हळूच म्हणाली. "बघ की गं. उतारलं का पिवळं?"

मला रडू फुटलं. तिच्या समाधानासाठी वाकले. कुंची रिकामीच होती.

"उतरलं, आई. चल आत."

तिनं कुंची छातीशी धरली, मानेखाली हात देऊन.

लुगडं मांडीवर ओलं झालं होतं. मी हात लावला.

कोमट होतं.