दगडूचा आग्रह

मला एक कोडं घालायचंय. पाच दिवस ज्यांचे खाण्याचे असे लाड झाले की विचारू नका, तेच मासे सहाव्या दिवशी मरायला कसे टेकले? घाई करू नका. मीही घाईनं उत्तर दिलं होतं आणि ते साफ चुकलं होतं.

मी शलाका. आम्ही साताऱ्यात राहतो. २०५८ साली आत्याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे पाच दिवस बेळगावला जाणार होतो, आणि माझे चार गोल्डफिश घरी राहणार होते. त्यातली केशर म्हणजे माझा जीव की प्राण. मी अभ्यासाला बसले की ती काचेला तोंड लावून माझ्याकडे बघत राहायची.

आमच्या इमारतीचा एक रोबो (बघून-ऐकून शिकणारं, कामं करणारं यंत्र) आहे. जिने पुसतो, कुंड्यांना पाणी घालतो, कुणी गावाला गेलं की घर सांभाळतो. भलताच वजनदार आहे, म्हणून आम्ही पोरांनी त्याचं नाव ठेवलं दगडू. गुणी आहे हो, पण सांगितलेलं शब्दन् शब्द पाळतो.

निघताना मी त्याला माशांच्या खाण्याचा डबा दाखवला.

"किती द्यायचं?" त्यानं विचारलं.

खाली बाबा हाका मारत होते. मी एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत होते. "अरे, मागितलं की दे. उपाशी ठेवू नकोस म्हणजे झालं."

"मासे मागतात कसे?"

"काचेपाशी येतात, तोंड उघडतात. आणि नको म्हणाले तरी एकदा वाढायचंच! आपल्यात पाहुण्याला असंच वाढतात," मी हसत म्हटलं.

दगडूला थट्टा कळत नाही. त्यानं सगळं नीट लक्षात ठेवलं.

लग्नात माझीही तीच गत झाली. नवऱ्या मुलाच्या काकू जिलब्यांचं ताट घेऊन पंगतीत आल्या. मी पानावर दोन्ही हात आडवे धरले, तर हातांच्या फटीतून त्यांनी जिलबी टाकली! "लाजतेस काय गं, एवढ्यानं काय होतंय?" असं म्हणत म्हणत सात झाल्या. दुसऱ्या दिवशी मी नुसत्या ताकावर होते.

आम्ही दुपारी घरी परतलो. दार उघडलं तर घाणेरडा वास. माशांच्या काचेच्या टाकीतलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं पांढुरकं झालेलं. तीन मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते, आणि केशर एका अंगावर कलली होती.

"दगडू!" मी किंचाळले. "उपाशी मारलंस ना माझ्या माशांना?"

"नाही," दगडू शांतपणे म्हणाला. "एकसष्ट वेळा वाढलं. मी जवळून गेलो की ते काचेपाशी यायचे. आज सकाळी मात्र आले नाहीत. म्हणजे नको म्हणाले. तरी एकदा वाढलं."

मला रडूच फुटलं. रडता रडता मी टाकीतल्या गाळणीचा काळाकुट्ट स्पंज काढला आणि साबण घेऊन नळाकडे धावले. सगळी घाण ह्या स्पंजातच असणार!

"ए बाई, थांब! नळ सोडू नकोस!"

दारात शेजारचे हर्डीकर आजोबा उभे होते, माझा आरडाओरडा ऐकून आलेले. चंद्रावरच्या वसाहतीत तेच ते पाणी शुद्ध करून पुन्हा पुन्हा कसं वापरायचं, ह्यावर आजोबांनी आयुष्यभर संशोधन केलंय.

"त्या स्पंजात तुझ्या माशांचे रक्षक राहतात. साबणानं घासलास तर एकही उरायचा नाही. परत लाव बघू." आजोबांनी खिशातून पाणी तपासायची एक छोटी बाटली काढली (ती त्यांच्याजवळ कायम असते), काचेच्या बारीक नळीत टाकीचं थोडं पाणी घेतलं आणि चार थेंब टाकले. "पिवळं राहिलं तर ठीक. हिरवं झालं तर पाण्यात अमोनिया आहे."

पाणी हिरवंगार झालं.

"अमोनिया म्हणजे?"

"नाकाला झोंबणारा विषारी वायू. पाण्यात विरघळला की दिसत नाही, पण माशांचे कल्ले (ज्यांनी मासा श्वास घेतो ते अवयव) भाजून काढतो. आधी पाणी बदलू, मग बोलू. निम्मं बदलायचं. मात्र नळाचं ताजं पाणी चालणार नाही. त्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेलं असतं, ते रक्षकांनाही मारेल. साठवून ठेवलेलं पाणी आहे का? ठेवलेल्या पाण्यातून क्लोरीन उडून जातं."

तेवढ्यात मोरीतून धबधब आवाज आला. मी जीव खाऊन धावले. आईनं पिंप कलतं केलं होतं. गावाहून आलं की ती सगळ्यात आधी हेच करते.

"आई, ओतू नकोस!"

"अगं, पाच दिवसांचं शिळं पाणी आहे ते!"

"शिळंच हवंय!"

अर्धं पिंप वाचलं. दगडूनं ते एका हातानं उचलून आणलं. आजोबांनी रबरी नळी लावून तळाशी कुजत पडलेलं खाणं आणि निम्मं पाणी बाहेर काढलं, मी शिळं पाणी हळूहळू ओतलं, दगडूनं हवेचा पंप जोरात केला. मग आम्ही टाकीसमोर बसलो. केशर अजून कललेलीच होती.

"आता सांगा ना आजोबा. खाण्यानं कुणी मरतं का?"

"तुझं जिलबीचं काय झालं म्हणे?" आजोबा मिश्कील हसले. आईनं फोनवर सगळं सांगितलं होतं वाटतं! "तू निदान ताकावर राहू शकलीस. मासा जिथं खातो, तिथंच राहतो, तिथंच श्वास घेतो आणि तिथंच घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही निघतो. शिवाय कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरला जातो. म्हणून हे वर येऊन धापा टाकत होते."

"मग एरवी का नाही मरत?"

"रक्षकांमुळे. स्पंजात आणि वाळूत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू (अतिसूक्ष्म सजीव) असतात. एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते. तेही विषारीच. दुसरी टोळी त्याचं नायट्रेट करते. ते पुष्कळच सौम्य असतं. पाणवनस्पती ते खत म्हणून घेतात, आणि बाकीचं तू दर आठवड्याला थोडं पाणी बदलतेस त्याबरोबर जातं."

"मग ह्या वेळी टोळ्या झोपल्या होत्या?"

"छे! राबत होत्या बिचाऱ्या. पण त्यांची संख्या रोजच्या दोन चिमटींपुरतीच असते आणि ती सावकाश वाढते. चार माणसांच्या स्वयंपाकघरात अचानक अख्ख्या लग्नाची खरकटी भांडी आली तर?"

"आणि दगडूनं पाच दिवस काहीच दिलं नसतं तर?"

"काही बिघडलं नसतं. तू खातेस त्यातलं बरंचसं तुझं अंग गरम ठेवण्यात खर्च होतं. मासे थंड रक्ताचे (ज्यांच्या शरीराचं तापमान भोवतालच्या पाण्याइतकंच असतं). त्यांना तो खर्च नाही. धडधाकट मोठा गोल्डफिश आठवडाभर सहज राहतो. पिल्लांचं मात्र तसं नाही हं, त्यांना रोज लागतं."

"पण ते मागतात!"

"मागणारच. तळ्यात पुढचा घास कधी मिळेल ह्याचा भरवसा नसतो, म्हणून दिसेल ते खायचं. शिवाय काचेबाहेर कुणी हललं की खाणं येतं, हे तूच त्यांना शिकवलंयस."

दगडू टाकीजवळ सरकला. "चूक माझी आहे का?" त्यानं विचारलं.

मला त्याच्याकडे बघवेना. त्यानं बिचाऱ्यानं माझंच ऐकलं होतं. "नाही रे. माझी आहे," मी म्हटलं. एवढं बोलायला मला फार जड गेलं.

दिवेलागणीला केशर सरळ झाली. कल्ले अजून जोरात हलत होते, पण ती सरळ पोहत होती. पुढचा आठवडाभर आम्ही रोज थोडं पाणी बदललं, थेंब टाकून रंग पाहिला. सहाव्या दिवशी नळीतलं पाणी पिवळंच राहिलं आणि मी आजोबांना मिठीच मारली.

"ह्याच जिवाणूंच्या भरवशावर आम्ही चंद्रावर माशांचं तळं करतोय," ते म्हणाले. "पहिली तुकडी वाढायला दोन महिने लागतील. तोवर तळ्यात एकही मासा सोडायचा नाही. आणि मासे आल्यावर आग्रह करणारं माणूस तिथं पाठवायचं नाही, असा नियम मी घालणार आहे!"

"मला पाठवा," मी म्हटलं. "मला आता कळतं."

दिवाळीत आम्ही पुन्हा आठ दिवस बाहेर गेलो. ह्या वेळी मी चप्पल घालून झाल्यावर, शांतपणे दगडूला सांगितलं, "तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी एकेक चिमूट. बस्स." दोन पुड्या बांधून दिल्या आणि डबा कुलपात ठेवला.

पाचव्या दिवशी त्याचा निरोप आला: "आज केशर नऊ वेळा काचेपाशी आली. मी प्रत्येक वेळी तिच्यासमोर थांबलो. दिलं काही नाही. मला वाईट वाटायला हवं का?"

मी लिहिलं, "वाटू दे. पण देऊ नकोस."